न शिवता लागणारा दिवा

कुंभकोणमात विजेची कामं करणारे पुष्कळ होते, पण काम संपल्यावर गिऱ्हाइकाच्या जागी स्वतः जाऊन बसणारा रघूत्तमराव एकटाच. दारासुरम्‌ला विणकराच्या घरी दिवा लावला, की हा गृहस्थ वेष्टी वर खोचून मागाच्या खड्ड्यात उतरायचा, हातात धोटा घ्यायचा आणि आपल्या हाताची सावली रेशमावर कुठं पडते ते बघायचा. पडली, की दिवा वीतभर सरकवायचा आणि पुन्हा खड्ड्यात. विणकर कंटाळून कॉफी पिऊन यायचे, तरी याचं उतरणं-चढणं चालूच. स्वामीमलैला मूर्तीचे डोळे कोरणाऱ्या कारागिराकडेही तोच प्रकार. तिथं तर त्यानं कारागिराची छिन्नी मागितली आणि शिव्या खाल्ल्या.

"दिवा कुठें लावावा तें भिंतीला विचारूं नये, बैसणाऱ्याला विचारावें," असं तो येता-जाता सांगायचा. लग्नाच्या पंगतीत सांगायचा, बसच्या रांगेत सांगायचा, आणि समोरचा माणूस नवा असला तर दोनदा सांगायचा. काम चोख होतं, म्हणून लोक त्याची ही मिजास खपवून घेत.

त्याचे वडील मरुदानल्लूरच्या भजनांत गाणारे. मुलाला गळा नाही हे त्यांना त्याच्या सातव्या वर्षी कळलं आणि ताल नाही हे आठव्या. मग भजनाच्या मंडपात त्याला माइकवाल्याशेजारी बसवून दिलं, आणि तिथं तो जो रमला तो कायमचाच. पुढं उत्सवातल्या दिव्यांच्या माळा, मग घरांची वायरिंग. १९९४ साली तो सेहेचाळीस वर्षांचा होता. सायकल, सायकलला बांधलेली शिडी आणि खिशाला लावलेला टेस्टर, एवढ्यावर गाव त्याला लांबून ओळखायचं. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरी तो आणि बायको वेंकटलक्ष्मी.

शेजारच्या घरात वेदवती अक्का एकटी राहायची. वय अडुसष्ट. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा वेणुगोपाळ मद्रासला नोकरीत. दोन्ही घरं मराठ्यांच्या काळात तिकडे येऊन राहिलेल्यांची. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. परसदारांच्या मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक बुटकं दार. रघूत्तम पाच वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला, तेव्हा त्याच दारातून येऊन अक्का रात्र-रात्र त्याला मांडीवर घेऊन बसलेली. तो कर्ता झाला तरी ती त्याला रघूच म्हणायची.

अक्काचं सोवळं कडक. पहाटे साडेचारला परसदारातल्या विहिरीवर अंघोळ, डोक्यावरून घागरी ओतून घ्यायच्या, आणि निथळत्या लुगड्यानिशी, ओला पदर डोक्यावरून घेऊन, तडक मागच्या दारानं स्वयंपाकघरात. वाटेत कशाला शिवायचं नाही. दिव्याच्या बटणाला तर नाहीच, कारण त्याला कामवालीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे हात लागलेले. दिवा आधी लावून ठेवून मग अंघोळीला जावं, असं रघूत्तमनं एकदा सुचवून बघितलं होतं.

"उजेडांत अंघोळ करूं?" अक्का म्हणाली होती. "चहूंकडे माड्या आहेत, दिसत नाहीं तुज?"

तेव्हा अंधार. पण अंधारासाठी अक्कानं तिची तजवीज केलेली होती. विहिरीच्या खांबापासून मागच्या दाराच्या कडीपर्यंत तिनं कमरेइतक्या उंचीवर काथ्याचा जाड दोर बांधला होता. रोज पहाटे त्याच्यावर घागरभर पाणी ओतायचं, उजव्या हातानं तो धरायचा, डाव्या कडेवर पाण्याची घागर घ्यायची आणि मनात मोजत चालायचं. सतरा पावलं झाली, की उंबरा. चाळीस वर्षांत तिचा पाय एकदाही घसरला नव्हता.

दिवाळीला वेणुगोपाळ आला तो मद्रासच्या बर्मा बाजारातून एक पांढरी डबी घेऊन. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी, तोंडाला दुधी रंगाची फुगीर काच, खाली तीन बारीक स्क्रू. माणूस समोरून गेला की दिवा आपोआप लागतो, असं तो म्हणाला. चोरांसाठी पुढच्या दारावर बसवायची त्याची कल्पना होती. रघूत्तमनं असलं यंत्र पूर्वी पाहिलं नव्हतं, पण तसं कबूल करणाऱ्यांतला तो नव्हता. डबीबरोबरचा कागद त्यानं ओट्यावर बसून वाचला. चित्रं नीट बघितली. दिवा किती वेळ राहावा ते पहिल्या स्क्रूनं ठरतं, किती अंधार पडल्यावर लागावा ते दुसऱ्यानं, आणि यंत्राची नजर किती तिखट असावी ते तिसऱ्यानं. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हे यंत्र अंगाची ऊब ओळखतं; भोवतालच्या हवेहून निराळी ऊब हलली, तरच दिवा लागतो. हे त्यानं वाचलं. वाचून कागदाची घडी केली.

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. तिचा त्याला पुढं इतका पश्चात्ताप झाला, की दिवाळी जवळ आली तरी त्याचं तोंड उतरायचं. पण त्या दिवशी मात्र तो ओट्यावरून उडालाच.

"वेणू, पुढच्या दारीं कसाला? चोर येऊन अक्काचें काय नेणार? हें मागें कोल्लैंत, परसदारीं लावूं. अक्काला न शिवतां दिवा! मडी, सोवळें मोडणें नाहीं, बटण नाहीं, कांही नाहीं!"

"मज नको," अक्का आतून म्हणाली. "मज दोर आहे कीं."

"अक्का, दोर जुन्या काळचा," रघूत्तम म्हणाला, आणि वेणुगोपाळही हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र बसवलं, आणि एवढं काम नीट केलं हे कबूल करायला हवं. समोरून चालत येणाऱ्याला यंत्र उशिरा पकडतं आणि आडव्या जाणाऱ्याला चटकन, म्हणून त्यानं ते दारावर न लावता बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या वर हातभर, वाटेकडे तोंड करून लावलं. विहिरीवरच्या हालचालीनं मात्र दिवा लागायला नको, म्हणून यंत्राच्या काचेच्या डाव्या भागावर काळी चिकटपट्टी मारली. अक्का विहिरीशी असेतोवर अंधार. वाटेला लागली, की दिवा. दिवा राहायचा एक मिनिट. शिडी लावताना मध्ये दोर येत होता, तो त्यानं सोडला. काम झाल्यावर परत बांधायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण वाऱ्यानं दोर हलेल आणि यंत्र फसेल, असं कारण त्यानं स्वतःलाच दिलं, आणि चांगला मजबूत दोर म्हणून त्याच दोरानं आपली शिडी सायकलला आवळून बांधली.

पहिल्या पहाटे दिवा लागला तेव्हा अक्का वाटेतच थांबून मोठ्यानं हसली. "रघू," तिनं भिंतीपलीकडून हाक दिली, "देवाआधीं मजच दिवा ओवाळलास कीं रे!" रघूत्तम अंथरुणातच होता. दिवसभर तो ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत सुटला.

आठ दिवसांनी पलीकडच्या माडीवरचे राजगोपाल मास्तर तक्रार घेऊन आले. मांजर गेलं की दिवा, घूस गेली की दिवा. त्यांच्या खिडकीवर रात्रभर उजेडाची उघडझाप. रघूत्तमनं तिसरा स्क्रू निम्म्यावर आणला. तरी मांजर दिसतच होतं. मग आणखी उतरवला. संध्याकाळी अंधार पडल्यावर तो स्वतः त्या वाटेनं चालला, दिवा लागला. वेंकटलक्ष्मीला चालवलं, लागला. मांजर गेलं, लागला नाही. रघूत्तमनं हात झटकले. त्या वाटेनं रोज चालणारं माणूस कोरडं नसतं, हे त्याच्या मनाला शिवलं नाही. जन्मभर विणकराच्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला दोन घागरी अंगावर ओतून सतरा पावलं चालायला काय झालं होतं? पण देवळात माळा लावायचं काम मिळालं होतं आणि त्याला घाई होती.

डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला. या महिन्यात पूजा आणि तांदूळ-मुगाच्या हुग्गीचा नैवेद्य सूर्य उगवायच्या आत व्हावा लागतो, तेव्हा अक्का चारलाच विहिरीवर. थंडी, दंव, आणि पाणी अंगावर ओतलं की लुगडं क्षणात गार. एका दुपारी तिनं भिंतीतल्या दारात उभं राहून त्याला सांगितलं.

"रघू, तो दिवा मज एकेकदां पाहतच नाहीं रे."

"अक्का, यंत्राची नजर तुमच्याहून धड आहे," तो हसत म्हणाला. "तुम्ही घाईनें जात असाल. जरा उभ्या राहा, हात हालवा, लागेल."

"एका हातांत घागर. दुसऱ्यानें पदर धरलेला."

"सरी, बरें, शुक्रवारीं येऊन बघतों."

शुक्रवारी देवळात एक माळ विझली आणि तो तिकडेच राहिला. शनिवारी विसरला. रविवारी पहाटे परसदारातून पितळी घागर फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक लहानसा ओरडा.

रघूत्तम उघड्या अंगानंच धावला. बुटक्या दारातून वाकून आत शिरला तेव्हा समोर काळोख होता. त्यानं दोन पावलं टाकली आणि दिवा लागला. फरशीवर अक्का एका कुशीवर पडलेली, डावा हात अंगाखाली, ओला पदर अजून डोक्यावर. मागोमाग वेंकटलक्ष्मी आली, राजगोपाल मास्तर आले, कोणी टॅक्सी आणायला पळालं, आणि जो येईल तो तेच म्हणाला: एवढा लख्ख दिवा असून पडल्या बघा. वय झालं. डोळे गेले.

आपण आलो तेव्हा काळोख होता हे रघूत्तमला पक्कं ठाऊक होतं. पण तो स्वतःला समजावत राहिला, की ती पडली असेल, निपचित राहिली असेल, मिनिटभरानं दिवा विझला असेल. असं होऊ शकत होतं. होऊ शकत होतं, एवढ्यावर त्यानं तो दिवस काढला.

डावं मनगट मोडलं होतं. खुब्याला नुसता मुका मार, पण आठवडाभर तरी इस्पितळात राहावं लागणार होतं. संध्याकाळपर्यंत वेणुगोपाळ मद्रासहून आला. अक्का खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "वेणू, तो दिवा लागलाच नाहीं रे. मी उभी राहिलें. वाट पाहिली. मग पाऊल टाकलें."

"अम्मा, सगळ्यांनीं पाहिला. दिवा जळत होता."

अक्कानं मान वळवून रघूत्तमकडे पाहिलं. "रघू, तूं आधीं आलास. सांग. लागला होता?"

त्या वेळी खोटं बोलायचं त्यानं ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "मी आलों आणि दिवा लागला होता, अक्का. यंत्र धड आहे."

अक्कानं मान परत आढ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "तर मजच दिसलें नसेल."

निघताना तिनं त्याला परत बोलावलं. घरी देव उपाशी राहतील, धनुर्मास आहे, वेणू इथं माझ्यापाशी राहणार. तेव्हा पूजा तू कर. अंघोळ माझ्याच विहिरीवर, ओल्या वस्त्रानं आत जा, वाटेत कशाला शिवू नको. रघूत्तमनं हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्या पहाटे तो अक्काच्या विहिरीवर गेला. तीन घागरी डोक्यावरून ओतल्या. दंव पडत होतं म्हणून ओलं उपरणं डोक्यावरून अंगाभोवती घेतलं, भरलेली घागर कडेवर घेतली आणि वाटेला लागला. एक, दोन, तीन. दिवा लागला नाही. चौथं पाऊल टाकून तो थांबला. आता लागेल, आता लागेल, म्हणून उभा राहिला. अंगावरून पाणी निथळत होतं आणि समोर हाताचा पंजासुद्धा दिसत नव्हता. पायाखालची फरशी शेवाळलेली होती. त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला, धरायला काहीतरी शोधत, कमरेइतक्या उंचीवर. तिथं काही नव्हतं. जे होतं ते त्याच्या सायकलला बांधलेलं होतं.

रघूत्तमला रडू फुटलं. ती इथंच उभी राहिली होती, त्यानं सांगितलं तशी, दिव्याची वाट बघत. आणि हाताशी धरायला काही नसताना तिनं पाऊल टाकलं होतं. कागदाच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरं आता त्याला ओळीन्‌ ओळ आठवली. गार ओल्या कापडात गुंडाळलेलं माणूस त्या यंत्राला भिंतीपेक्षा, फरशीपेक्षा निराळं दिसतच नाही. आणि जे थोडंफार दिसलं असतं, ते त्यानं मांजरासाठी स्क्रू पिळून घालवलं होतं. तो पाय घासत घासत दारापर्यंत गेला. पूजा केली ती कशी केली हे देवालाच ठाऊक.

सूर्य वर आल्यावर त्यानं काय केलं असेल? इस्पितळात जाऊन सांगितलं असेल, असं कोणालाही वाटेल. नाही. त्यानं शिडी लावली आणि तिसरा स्क्रू शेवटापर्यंत वर फिरवला. दुसऱ्या पहाटे ओल्या अंगानं चालून बघितलं. पाचव्या पावलाला दिवा लागला. आता कोणीही येऊन तपासलं असतं, तरी यंत्रात दोष नव्हता. मास्तरांच्या खिडकीचं पुढं बघता आलं असतं. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं पुसून खिशात ठेवला, आणि आपण किती सफाईनं हे केलं ते जाणवून त्याला स्वतःची किळस आली.

पुढचे पाच दिवस तो रोज इस्पितळात जात होता, रोज सांगायचं ठरवत होता आणि रोज नारळपाणी देऊन परत येत होता. वेणुगोपाळ त्याचा हात धरून म्हणायचा, "रघूअण्णा, मी पोटचा, पण खरा मुलगा तुम्ही." घरी जेवताना त्या शब्दांनी त्याचा हात थांबायचा. वेंकटलक्ष्मीनं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. अक्का तर दिवसेंदिवस गप्प होत चाललेली. समोर आलेला पेला हातानं चाचपून घ्यायची. एकदा तिनं नर्सला विचारलं, खिडकी उघडी आहे ना? खिडकी उघडी होती. तिला ती दिसतही होती. पण तिला खात्री करून घ्यायची होती.

सोमवारी अक्काला घरी आणलं. माजघरात खाट टाकली. संध्याकाळी वेणुगोपाळनं रघूत्तमला ओट्यावर बोलावून सांगितलं: गुरुवारी गाडी सांगितली आहे. अम्माला मद्रासला नेतो, कायमची. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, विहीर नाही, पण काय करणार? दिव्याच्या उजेडातसुद्धा पडायला लागली, तिला एकटी कशी ठेवू? घराला कुलूप लावतो. किल्ली तुमच्याकडे.

"अक्का काय म्हणाल्या?"

"कांही नाहीं. 'डोळे गेले, आतां कुठेंही ठेव' म्हणाली."

रघूत्तम उठून घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वेंकटलक्ष्मीनं ऐकून घेतलं आणि ती एवढंच म्हणाली, "त्यांनीं तुम्हांस मांडीवर घेतलें होतें."

मंगळवारी दुपारी त्यानं अक्काच्या खाटेपाशी बसून, वेणुगोपाळसमोर, सांगून टाकलं. दिवा लागला नव्हता. मी आलो तेव्हा काळोख होता, मला बघून लागला. अक्का ओली असते म्हणून यंत्राला दिसत नाही. स्क्रू मीच कमी केला होता. मला पहिल्याच पहाटे कळलं. अक्का डोळे मिटून होती. वेणुगोपाळ आधी गोंधळला, मग समजूतदारपणे हसला.

"रघूअण्णा, अम्मा इथें राहावी म्हणून तुम्ही आपल्यावर घेतां. मज कळतें. पण मी काल स्वतः पाहिलें, यंत्र धड चालतें."

म्हणजे खरं सांगूनही भागत नव्हतं. लपवाछपवी इतकी बेमालूम झाली होती, की आता त्याचं खरं कोणी खरं मानेना. रघूत्तम तसाच उठला. शिडी आणली, यंत्रापर्यंत चढला आणि तिसरा स्क्रू अक्का पडली तेव्हा होता तिथं परत आणला. कुठं होता ते विचारायला त्याला कागद लागला नाही; ती जागा तो झोपेतही दाखवू शकला असता.

सूर्य मावळून पुरता अंधार झाला तेव्हा त्यानं वेणुगोपाळला सांगितलं, अक्काला मागच्या दारात आण. दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून उंबऱ्याच्या आत बसवलं. मग तो म्हणाला, "वेणू, विहिरीपासून इकडे चालत ये." वेणुगोपाळ सदरा घालून चालला. दुसऱ्या पावलाला दिवा लागला.

"आतां विझूं दे."

मिनिट गेलं. दिवा विझला. काळोखात विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. एक घागर, दुसरी, तिसरी. मग काहीच नाही. मग ओल्या पावलांचा आवाज, फरशीवर, हळूहळू जवळ येणारा. एक, दोन, तीन, चार. उजेड नाही. आठ, नऊ. वेणुगोपाळ तोंडातल्या तोंडात "अय्यो" म्हणाला. सतराव्या पावलाला डोक्यावरून ओलं उपरणं घेतलेला रघूत्तम काळोखातून उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, आणि अजून दिवा लागलेला नव्हता.

"पाहिलेंस, वेणू?" अक्का म्हणाली. "मज दिसत होतें. अंधार होता तो मज दिसत होता."

वेणुगोपाळ खाली बसला आणि त्यानं आईच्या पायावर हात ठेवला. थोड्या वेळानं तो रघूत्तमला काहीतरी बोलायला लागला, बहुधा रागाचं, पण अक्कानं त्याला हातानं थांबवलं. मग ती रघूत्तमशी बोलली. तो तसाच निथळत उभा होता.

"पडलें, त्याचें मज कांही नाहीं. हाड जुळेल. पण आठ-नऊ दिवस सगळे मज डोळे गेले म्हणून सांगत होते. मी तें मानलें. खिडकी उघडी आहे कीं काय तें दुसऱ्याला विचारूं लागलें. आणि तुज ठावें होतें. तूं रोज येऊन उगा बैसत होतास."

रघूत्तमला म्हणायचं होतं, क्षमा करा. पण तो शब्द तोंडापर्यंत आला आणि त्याला तो फार लहान वाटला. तिनं त्याला जा म्हटलं नाही, बैसही म्हटलं नाही. थंडीनं त्याचे दात वाजायला लागले तेव्हा तिनं विचारलं,

"माझा दोर कुठें आहे?"

"माझ्या सायकलीला," तो म्हणाला. "शिडी बांधायला घेतला."

"आण. धुवून बांध."

तो गेला, सायकलीवरची शिडी सोडली, दोर विहिरीवर नेऊन तीनदा धुतला आणि खांबापासून कडीपर्यंत आवळून बांधला. गाठ घट्ट आहे का बघायला सगळं अंग टाकून ओढून बघितलं. गुरुवारची गाडी आली नाही. वेणुगोपाळ पंधरा दिवस राहून, कामवालीला रात्री झोपायला ठेवून एकटा परत गेला. संक्रांतीनंतर अक्का पुन्हा चालायला लागली.

यंत्रही राहिलं. रघूत्तमनं ते दुसऱ्या जागी हलवलं, स्क्रू पुरता वर नेला, मास्तरांच्या खिडकीला स्वतः पडदा लावून दिला. आता मांजर गेलं तरी दिवा लागायचा आणि अक्का आली तरी लागायचा. पण अक्का दिव्याकडे बघेना. लागला तर लागला. तिचा हात दोरावर.

ओळखीपाळखीत या गोष्टीचा बभ्रा झाला नाही. अक्कानं होऊ दिला नाही. रघूत्तमची कामं पहिल्यासारखीच चालू राहिली. मात्र बैसणाऱ्याला विचारावें हे वाक्य त्यानं परत कधी कोणाला ऐकवलं नाही, आणि दारासुरम्‌चे विणकर म्हणायचे, राव हल्ली फार गप्प असतात. अक्का त्याच्याशी बोलायची. सणावारी ताटही पाठवायची. पण ती पहिली हाक, भिंतीपलीकडून खिदळत मारलेली, ती काही परत आली नाही, आणि त्यानंही तिची आशा धरली नाही.

एक गोष्ट तेवढी बदलली. चाळीस वर्षं अक्का ती पावलं मनात मोजायची. दोर परत बांधल्यापासून मोठ्यानं मोजायला लागली. भिंतीपलीकडे रघूत्तम रोज पहाटे साडेचारला अंथरुणात उठून बसायचा आणि ऐकायचा. विहिरीचं पाणी, मग एक, दोन, तीन. मध्ये कधी ती दम घ्यायला थांबली, की त्याचा श्वास थांबायचा. "सतरा," अक्का म्हणायची, जरा मोठ्यानं, भिंतीकडे तोंड करून, आणि मग दाराची कडी वाजायची. त्यानंतर तो उठून चूळ भरायचा.